‘गुंड्याभाऊ’ : दूरदर्शनच्या आरंभकाळातील एका नटाचे चरित्र

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणग्रंथात दूरदर्शनवरील एका नटाचे चरित्र यावे, याचे कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. आजवर या पानांतून आम्ही आपल्या ज्ञातीतील कर्त्या स्त्री-पुरुषांची, शाळा काढणाऱ्या शिक्षकांची, विहिरी बांधून देणाऱ्या दात्यांची आणि क्वचित एखाद्या रणशूराची माहिती दिली. ज्यांच्याविषयी प्रस्तुत लेख आहे त्यांचे आमच्या वंशावळींत नाव शोधण्याचा खटाटोप आम्ही केलेला नाही व वाचकांनीही तो करू नये. नांदे, चांदे आणि आसपासच्या गावांतील आपल्या कुटुंबांच्या घरांत ही व्यक्ती एके काळी नियमाने येत असे, एवढे नाते आम्हांस पुरेसे वाटते. दिनांक २८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत कै. बाळ कर्वे यांचे वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा आपल्या जुन्या मंडळींपैकी अनेकांनी ती वार्ता एकमेकांस सांगताना ‘कर्वे गेले’ असे म्हटले नाही. ‘गुंड्याभाऊ गेले’ असेच म्हटले. या एका गोष्टीवरून हा लेख लिहावा असे मनात आले.

बाळकृष्ण ऊर्फ बाळ कर्वे यांचा जन्म २५ ऑगस्ट १९३० रोजी पुण्यात झाला. हा काळ रंगभूमीच्या दृष्टीने मोठा चमत्कारिक होता. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात बोलपट आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि पाहता पाहता गावोगावच्या नाटक मंडळ्यांच्या राहुट्या मोडल्या. ज्यांनी नाट्यगृहे गाजविली त्यांच्यावर कर्जबाजारी होण्याची पाळी आली. अशा वेळी वाढलेल्या मुलास घरातून नाटकाच्या धंद्यात जाण्याची परवानगी मिळणे दुरापास्तच होते. नाटक ही हौस म्हणून करावी, पोट मात्र नोकरीवर भरावे, हा त्या पिढीचा संकेत होता आणि कर्वे यांनी तो अक्षरशः पाळला. ते अभियंता झाले, मुंबईस गेले, आणि बृहन्मुंबई महानगरपालिकेत त्यांनी ३२ वर्षे सेवा केली. राहण्यास विलेपार्ले, दिवसा महापालिका आणि सायंकाळी तालीम, असा त्यांचा क्रम असे.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. नाटकात जाणाऱ्यास आपल्या समाजाने फारसे सन्मानाने वागविले, असे आम्हांस प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. सन १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून शंभर वर्षे मराठी माणूस नाटकावर जीव टाकीत आला. पण त्याच माणसाने नटास मुलगी देताना हात आखडता घेतला. आपल्या ज्ञातीतही नाटक कंपनीबरोबर निघून गेलेल्या मुलाचे नाव सांगताना वडीलधारी मंडळी अडखळत आणि मुलीचा तर प्रश्नच नव्हता. कर्व्यांची ३२ वर्षांची नोकरी कित्येक जण ‘सुरक्षित वाट’ म्हणून मुलांपुढे ठेवतात. आम्हांस ते पुरतेपणी पटत नाही. पगाराने घर चालले हे खरे. परंतु दिवसभराच्या कामाने थकून आल्यावर रात्री तालमीला उभे राहणे आणि पहाटे पुन्हा कामावर हजर होणे, ही काही सुरक्षित वाट नव्हे. ती दुप्पट कष्टांची वाट आहे, इतके तरी आपण मुलांस स्पष्ट सांगावे.

पार्ल्यात सुमनताई धर्माधिकारी यांच्यासह त्यांनी ‘किलबिल बालरंगमंच’ ही संस्था उभी केली व मुलांची नाटके केली. हा तपशील चरित्रलेखक बहुधा एका वाक्यात उरकतात. आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो, कारण बालप्रेक्षकासारखा कठोर परीक्षक दुसरा नाही. मोठा माणूस कंटाळला तरी शिष्टाचाराने बसून राहतो. पोर मात्र सरळ पाणी प्यायला उठते. त्या पोरांस जागेवर बसवून ठेवण्याची जी विद्या आहे ती कर्व्यांनी तेथे कमावली. पुढे ज्यांच्याबरोबर त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते श्री. दिलीप प्रभावळकर हेही रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्यांतूनच पुढे आले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता ज्या साधनाने त्यांस घरोघर नेले त्याची हकीकत सांगणे प्राप्त आहे. आपल्या देशात दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, १९७३ साली, सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुणे परिसरास मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. ज्या गडाचे नाव घेताच आपल्यास तानाजी मालुसरे आठवतात, त्याच्या माथ्यावर लोखंडी मनोरा उभा राहिला, आणि मुळशी खोऱ्यातील कौलांवरच्या अॅल्युमिनियमच्या काठ्या त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या. दि. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. चित्र काळे-पांढरे असे. रंग आले ते १९८२ साली. संच ठेवण्यास परवाना लागे व त्याचे शुल्क भरावे लागे, हे आजच्या मुलांस सांगितले तर ती हसतात.

त्या काळचे वरळीचे चित्रीकरण म्हणजे निम्मे नाटकच होते. दोन-तीन कॅमेरे, डोक्यावर तापलेले दिवे, आणि कार्यक्रमाचा निर्माता नियंत्रण कक्षात बसून कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र घ्यावयाचे ते तेथल्या तेथे ठरवी. फितीचे तुकडे कापून जोडणे किचकट व खर्चाचे असल्याने प्रवेश शक्य तो सलग करावा लागे. त्यामुळे पाठांतर पक्के, चुकले तर सावरून घेण्याची सवय असलेला नट लागे, म्हणजेच रंगभूमीवरचा. परंतु रंगभूमीचा नट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी आवाज चढवितो, हात लांब फेकतो, आणि येथे तर प्रेक्षक चार हातांवर चटईवर बसलेला! कमावलेले सर्व ठेवून ते लहान करून दाखवावयाचे, हा या नव्या कलेचा खरा पेच होता. अनेक चांगल्या नटांना तो सुटला नाही.

चि. वि. जोशी (१८९२–१९६३) यांची ओळख आपल्या वाचकांस करून देण्याची आवश्यकता नाही. बडोद्यास पालीचे अध्यापन आणि संस्थानच्या दप्तरखान्याची व्यवस्था पाहणाऱ्या या विद्वान गृहस्थाने चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. चिमणराव भित्रा, भाबडा, सदैव फजितीत सापडणारा. गुंड्याभाऊ अंगाने दणकट, जिभेने रोखठोक आणि मनाने निर्मळ. पडद्यावर ही जोडी प्रथम आली ती १९४० सालच्या ‘लग्न पहावे करून’ या बोलपटात. तेथे दामुअण्णा मालवणकर चिमणराव व विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले होते. मालवणकरांची छाप त्या पिढीवर इतकी होती की पुन्हा कोणी ती भूमिका घ्यावी हेच धाडसाचे होते.

ते धाडस मुंबई दूरदर्शनच्या निर्मात्या श्रीमती विजया जोगळेकर (धुमाळे) यांनी १९७७ च्या सुमारास केले. चिमणराव म्हणून दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणून बाळ कर्वे यांची निवड झाली. कावूची भूमिका स्मिता पावसकर यांनी केली. प्रभावळकर तेव्हा तेहतिशीच्या घरात होते. कर्वे त्यांच्याहून चौदा वर्षांनी वडील, म्हणजे सत्तेचाळिशीचे. ज्या वयात मनुष्य निवृत्तिवेतनाचे आकडे मांडू लागतो, त्या वयात या गृहस्थास महाराष्ट्र ओळखू लागला.

त्यांच्या गुंड्याभाऊचे वैशिष्ट्य कोणते? आम्हांस जे आठवते ते लिहितो. ते विनोद करीत आहेत असे कधी वाटलेच नाही. चिमणरावाच्या तोंडाकडे पाहून हसू येई. गुंड्याभाऊंच्या तोंडाकडे पाहून आधी धाक वाटे आणि मग हसू येई. आवाज भारदस्त, पण चढलेला नाही. राग खरा, पण क्षणभराचा. दणकट माणूस विनोदी करावयाचा तर साधा नट त्यास मूर्ख करून टाकतो. कर्व्यांनी गुंड्याभाऊला मूर्ख होऊ दिले नाही. भावावरचे प्रेम बोलून दाखविण्याची ज्यास लाज वाटते आणि म्हणून जो दरडावून बोलतो, असा तो माणूस होता. अशी माणसे ज्याच्या घरात नाहीत असे आपल्या ज्ञातीत एकही कुटुंब सापडणार नाही.

आता नांद्याची गोष्ट. आमच्या गावचे नाव शेजारच्या गावासह ‘चांदे-नांदे’ असे एका दमात घेण्याची रीत आहे, जसे चिमणराव म्हटले की गुंड्याभाऊ मागोमाग येतातच. त्या दिवसांत गावात संच मोजके होते. त्यांतील एक आमच्या घरी. ‘आमची माती, आमची माणसं’ या शेतीविषयक कार्यक्रमासाठी म्हणून आजोबांनी तो घेतला, निदान घेताना त्यांनी कारण तेच सांगितले. मध्ये डोंगर असल्याने चित्रावर मुंग्या फार. एक मुलगा कौलांवर चढून काठी फिरवी आणि खालून दुसरा ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडे. चिमणराव लागावयाच्या दिवशी अर्धा गाव जमे.

बसण्याची व्यवस्था कोणी ठरविलेली नव्हती, तरी ती होती. आत माजघराच्या उंबऱ्यापाशी घरच्या स्त्रिया, ओसरीवर आपल्या ज्ञातीची व बरोबरीच्या घरांची माणसे, पायऱ्यांवर बलुतेदार, आणि अंगणाच्या कडेला, गोठ्यालगत, वस्तीवरची कुटुंबे. त्यांना तेथून चित्र नखाएवढे दिसत असणार; संवाद मात्र ऐकू येत. कोणी कोणास ‘येथे बसू नका’ असे म्हणत नसे. म्हणावे लागत नसे, हेच त्यातले वाईट.

एके दिवशी भाग चालू असताना वळवाचा पाऊस आला. अंगणातली माणसे उठून जाऊ लागली. पडद्यावर गुंड्याभाऊ कोणावर तरी डाफरत होते, सगळे हसत होते, आणि आमची आजी उंबऱ्यातून मोठ्याने म्हणाली, “अगं, भिजताय काय? पोरं घेऊन वर या सगळी.” क्षणभर कोणी हलले नाही. मग एक म्हातारी नातवाला पोटाशी धरून पायऱ्या चढली आणि तिच्यामागून बाकीची आली. ओसरी गच्च भरली. आजोबा काही बोलले नाहीत. ते संचाकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरी शेणाने सारवली गेली, आणि ती सारवण्याचा वार नव्हता, हेही आम्ही लपवीत नाही. परंतु त्या पुढच्या खेपेस पाऊस नव्हता, आणि तीच म्हातारी नातवास घेऊन सरळ ओसरीवर येऊन बसली. तिला खाली जा म्हणण्यास कोणाची जीभ रेटली नाही. त्यानंतर सारवण नेहमीच्याच वारी झाले.

दूरदर्शनने आमच्या गावातील भेद मोडला असा दावा आम्ही करीत नाही. तो कोठे मोडला, कोठे नुसता आत सरकला, हे ज्याचे त्याने तपासावे. आम्ही एवढेच पाहिले की त्या ओसरीवर बसलेल्यांपैकी कोणासही चिमणरावाचे पुणे परिचित नव्हते. कोटटोपी, कचेरी, जुन्या पांढरपेशा घरातले मानपान हे सर्व आपल्या ज्ञातीसही थोडे परकेच होते, तर वस्तीवरच्या माणसांस किती परके असेल! तरी सगळे एकाच जागी हसत. आमच्या मते त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात कर्व्यांकडे जाते. चिमणराव शहरातला होता. गुंड्याभाऊ मात्र कोणत्याही गावचा होता. बोलावल्यावाचून येणारा, आल्यावर घर डोक्यावर घेणारा आणि अडचणीत पहिला धावणारा भाऊ ओसरीवरच्या प्रत्येकाने आपापल्या घरी पाहिलेला होता. ती म्हातारी तर त्यांस ‘आमचा तात्याच हा’ म्हणे. तिचा तात्या कोण, हे आम्ही तेव्हा विचारले नाही.

मालिकेच्या लोकप्रियतेवरून १९७९ साली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही निघाला व त्यात हीच जोडी होती. पुढचे आयुष्य कर्व्यांनी रंगभूमी, चित्रपट व दूरदर्शन या तिन्ही ठिकाणी घालविले. ‘रथचक्र’, ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’, ‘मनोमनी’, ‘आई रिटायर होतेय’, ‘कुसुम मनोहर लेले’ ही त्यांची नाटके. ‘जैत रे जैत’, ‘लपंडाव’ हे चित्रपट. १९९९ साली अल्फा मराठी ही खासगी वाहिनी सुरू झाल्यावर आलेल्या ‘प्रपंच’ मालिकेत ते पुन्हा घराघरांत दिसले. तोपर्यंत संच रंगीत झाले होते व ज्याच्या त्याच्या घरी होते, ओसरीवर कोणी जमत नव्हते.

परंतु नाव मात्र गुंड्याभाऊंचेच राहिले. हा मान की शिक्षा, याचा निर्णय करणे कठीण आहे. शेकडो प्रयोग केलेल्या नटास रस्त्यात माणसे एकाच भूमिकेच्या नावाने हाक मारतात, तेव्हा त्याच्या बाकीच्या कष्टांवर पाणी पडते असे एका बाजूने वाटते. प्रभावळकरांनी ‘चौकट राजा’तला नंदू, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मधील आजोबा, ‘लगे रहो मुन्नाभाई’ मधील गांधीजी अशी एकाहून एक निराळी रूपे घेऊन चिमणरावाच्या पकडीतून स्वतःस सोडविले. कर्व्यांना ते तितके साधले नाही, किंवा त्यांनी तशी धडपडच केली नाही. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. महाराष्ट्राने ज्यास ‘भाऊ’ म्हणून घरात घेतले, त्याने ते घर सोडण्याची घाई का करावी?

याहून मोठी हळहळ वेगळीच आहे. ज्या मालिकेने हे सर्व घडविले तिचे अगदी मोजकेच भाग आज शिल्लक आहेत. त्या काळी चित्रफीत अतिशय महाग असे. म्हणून एकदा प्रक्षेपित झालेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा मुद्रित करीत. केवळ आपल्याकडेच असे झाले असे नव्हे. इंग्लंडच्या बी. बी. सी. ने देखील १९६० व १९७० च्या दशकांतील कित्येक कार्यक्रम याच रीतीने पुसले आणि पुढे त्यांच्या प्रती जगभर शोधीत बसण्याची पाळी तिच्यावर आली. नाटकाचा प्रयोग संपला की संपतो, हे नट जाणून असतो. चित्रपटाच्या नटास रिळांचा आधार असतो. त्या पिढीच्या दूरदर्शनच्या नटास मात्र फितीचा आधार मिळूनही तो काढून घेतला गेला. तात्पर्य, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ ज्या ठिकाणी अद्याप साठविलेला आहे ते ठिकाण म्हणजे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांची स्मृती, आणि ती फीतही दरवर्षी थोडी थोडी पुसली जात आहे.

आमच्या नांद्याच्या घराची ती ओसरी आता नाही. लवळे-नांदे रस्त्यास इमारती उठल्या, पुणे शहर चालत चालत शेताच्या बांधापर्यंत आले, आणि जुने घर पाडताना माळ्यावर तो संच सापडला. लाकडी कपाटाचा, सरकत्या दाराचा, आत उंदरांनी घर केलेला. भंगारवाल्याने त्याचे काय द्यावयाचे ते विचारले. आम्ही तो दिला नाही.

या ग्रंथाच्या पुढील अंकासाठी आमची एक विनंती आहे. ज्या ज्ञातिबंधु-भगिनींच्या घरी त्या काळच्या वर्तमानपत्रांतील कार्यक्रमपत्रिका, जुन्या मासिकांतील छायाचित्रे, संचाचे परवाने किंवा संचासमोर जमलेल्या मंडळींची चित्रे असतील, त्यांनी ती मंडळाकडे पाहण्यासाठी द्यावीत. प्रत करून मूळ वस्तू परत केली जाईल. ज्यांच्यापाशी यांतील काही नसेल, त्यांनी घरातील वडील माणसांस एवढे विचारून लिहून पाठवावे की, चिमणराव लागत तेव्हा आपण कोणाच्या घरी पाहात होतो, आणि कोठे बसत होतो.